राग्ना हाउगेनचा सरळ रस्ता

राग्ना हाउगेन शपथेवर खरं बोलली, आणि तिच्या बोलण्यावरून एक मेलेला मुलगा दोषी ठरला.

मुलाचं नाव डेन्झिल पास्को. वय एकोणीस. कॉर्नवॉलमधल्या एका मासेमारांच्या गावचा. महायुद्धाच्या दिवसांत विमान चालवायला शिकायला तो समुद्रापार, सस्कॅचेवानच्या सपाट मुलखात आला होता. ऑक्टोबर बेचाळीसमध्ये त्याचं पिवळं विमान दुसऱ्या पिवळ्या विमानावर आदळलं. दुसऱ्यात हेक्टर मॅकनील होता, केप ब्रेटन बेटावरचा. तोही तेवढ्याच वयाचा. दोघंही एकेकटे उडत होते. दोघंही गेले.

हे बघणारी एकच व्यक्ती होती. टपालवाली राग्ना.

ती एकोणिसाव्या वर्षी नॉर्वेहून आली. नवऱ्याकडे, आंडर्सकडे, सोलबर्ग गावापासून उत्तरेच्या टपालाचं काम होतं. आठवड्यातून तीन फेऱ्या. रस्त्याच्या कडेला खांबांवर चव्वेचाळीस पेट्या. एकतीस सालच्या हिवाळ्यात आंडर्स न्यूमोनियानं गेला. शुक्रवारी त्याला पुरलं. शनिवारी टपाल गेलं. राग्नानं नेलं. पोस्टमास्तर म्हणाला, वरून परवानगी घ्यावी लागेल. ती म्हणाली, "घ्या की. तोवर मी जाऊन येते." परवानगी आली तेव्हा वसंत संपत आला होता.

मूलबाळ नव्हतं. बोलणं कमी. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, राग्नाच्या तोंडून बातमी काढण्यापेक्षा पेटीलाच विचारलेलं बरं. उन्हाळ्यात ती गाडी जोडायची, हिवाळ्यात बंद घसरगाडी. घसरगाडी म्हणजे पट्ट्यांवर ठेवलेली लाकडी खोलीच. आत लहानशी शेगडी, वर किटली, समोर काच, काचेखालच्या फटीतून आत आलेले लगाम. अकरा वर्षांत टपाल दोनदा चुकलं. दोन्ही वेळा घोडी आजारी होती. राग्ना नव्हती.

मग लढाई आली आणि आठ मैलांवर विमानतळ झाला. आकाशात दिवसभर पिवळी विमानं. शिकणारी पोरं कुठून कुठून आलेली. चर्चच्या दारावर दर आठवड्याला यादी लागायची. रविवारी कोण किती पोरांना जेवायला नेणार, ते त्यात लिहायचं. राग्नानं नाव लिहिलं नव्हतं. पाद्र्याच्या बायकोनं परस्पर लिहिलं.

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असतेच."

"म्हणूनच."

अशा रीतीनं डेन्झिल आला. बारीक, कान मोठे, टोपी हातात. टेबलावर कोंबडी होती, बटाट्याच्या पातळ पोळ्या होत्या, सस्काटून नावाची जांभळी रानफळं भरून भाजलेला गोड ‘पाय’ होता. तो उभाच राहिला.

"मिसेस हाउगेन, हे सगळं माझ्या एकट्यासाठी?"

"नाही. शेजारची मांजर पण येणारे."

त्यानं खरंच दाराकडे बघितलं. मग हसला. राग्नाला बऱ्याच वर्षांनी कोणी आपल्या विनोदाला हसल्याचं जाणवलं.

तो सहा रविवार आला. न सांगता भांडी धुवायचा. घरी लढाईमुळे आठवड्याला एक अंडं मिळतं, तेही कोंबडीच्या मनात असेल तर, असं म्हणायचा. आपण काय शिकतो, ते टेबलावर मांडून दाखवायचा. मध्ये लांब चमचा, तो रस्ता. एका बाजूला सुरी, एका बाजूला काटा, ती विमानं.

"इथे चुकायला काही शिल्लकच नाही. रस्ते सगळे सरळ. रस्ता डाव्या हाताला ठेवायचा, शंभर पावलं दूर. समोरून येणाराही त्याच्या डाव्या हाताला ठेवणार. म्हणजे मी रस्त्याच्या या अंगाला, तो त्या अंगाला. बघा." सुरी वर गेली, काटा खाली आला. मध्ये चमचा. "भेटच नाही."

"बरंय. आता सुरी धू."

सातव्या रविवारी तो आला नाही. त्या आधीच्या गुरुवारी तो गेला होता.

त्या गुरुवारी राग्ना टपाल घेऊन उत्तरेला निघाली होती. आभाळ निळं, वारा नव्हता. मिकोला ह्रिनचुकचं शेत अर्ध्या मैलावर आलं होतं. मागून एक विमान तिच्या उजव्या अंगानं पुढे गेलं. ते डेन्झिलचं, हे तिला नंतर कळलं. उत्तरेकडून दुसरं येत होतं. पहिलं डावीकडे कलंडलं. दुसरंही वळलं. मग एक आवाज झाला. फार मोठा नव्हता. दार आपटल्यासारखा. एक पिवळा पंख स्वतंत्र खाली आला, हळूहळू, गिरक्या घेत. बाकी सगळं पटकन पडलं.

ती धावली. करण्यासारखं काही नव्हतं.

तीन दिवसांनी गावच्या हॉलमध्ये चौकशी झाली. हवाई खात्याच्या वरच्या कचेरीतून स्क्वॉड्रन लीडर थॉर्नली आले होते. इंग्रज माणूस. पेन्सिलींना टोक काढून एका ओळीत ठेवणारा. समोर त्या भागाचा नकाशा. नगरपालिकेच्या सेक्रेटरीनं हातानं काढून दिलेला. त्यावर सोलबर्गहून उत्तरेला जाणारी एकच उभी रेघ.

"पास्कोचं विमान कुठे वळलं, बाई?"

"डावीकडे."

"नक्की?"

"डोळ्यांनी बघितलं."

"हा रस्ता तुमच्या माहितीचा आहे?"

"अकरा वर्षं रोज नाही, पण आठवड्यातून तीनदा."

"कसा आहे?"

"सरळ. उत्तरेला चाळीस मैल सरळ."

थॉर्नलींनी ते तसंच लिहून घेतलं. विमानं रस्त्यापासून शंभर पावलं पश्चिमेला पडली होती. त्यांनी स्वतः मोजलं होतं. उत्तरेला जाणाऱ्यानं रस्त्याच्या पूर्वेला असायला हवं. पास्को पश्चिमेला सापडला. म्हणजे तो रस्ता ओलांडून समोरच्याच्या वाटेत गेला. निकाल एका ओळीचा होता. चूक पास्कोची.

राग्ना घरी आली. तिनं सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. तिला जेवण गेलं नाही.

फेब्रुवारीत कॉर्नवॉलहून पत्र आलं. पत्ता तिचाच होता. टपालाच्या थैलीतून तिनं स्वतःचं पत्र काढलं आणि वाटेत, घसरगाडीत, शेगडीजवळ बसून फोडलं.

मिसेस पास्को यांनी लिहिलं होतं की डेन्झिलच्या प्रत्येक पत्रात तुमचं नाव असायचं. कोंबडी, पोळ्या, मांजर, सगळं कळलंय. तुमचे उपकार. मग पुढे होतं: 'खात्याचं पत्र आलं. त्यांनी सौम्य शब्दांत लिहिलंय, पण अर्थ असा की माझ्या मुलाच्या चुकीनं दुसरा मुलगाही गेला. त्या मुलाच्या आईला मला चार ओळी लिहायच्या होत्या. पेन उचलवत नाही. कुठल्या तोंडानं लिहू? तुम्ही तिथे होतात असं कळलं. मला धीर नको. खरं काय ते सांगा. चूक डेन्झिलची होती का?'

राग्नानं ते तीनदा वाचलं. बाहेर जमिनीलगत बर्फ उडत होता. पुढचं काही दिसत नव्हतं. तिनं लगाम सैल सोडले होते. घोड्यांना वाट पाठ होती. हो लिहायचं? हो म्हणजे काय, तेच तर ती बोलून बसली होती. शपथेवर.

तेवढ्यात शेगडीवरची किटली सरकली.

ती नेहमीच सरकायची. राग्ना नेहमीच हात पुढे करून ती धरायची. आजही हात गेला. आणि हात तसाच राहिला.

किटली का सरकली? घसरगाडी वळली म्हणून. का वळली? घोडी डावीकडे वळली म्हणून. आता दोनशे पावलं जातील आणि उजवीकडे वळतील. पुन्हा उत्तरेला. रोजच्यासारखी.

राग्नानं लगाम खेचले. घोडी गोंधळून थांबली. या जागी ती कधीच थांबली नव्हती.

ती दुरुस्तीची रेघ होती.

पृथ्वी गोल आहे. उत्तरेकडे जाणाऱ्या रेघा जवळ जवळ येत जातात. मोजणीवाल्यांनी या मुलखात चौकोनी शेतं आखली तेव्हा चौकोन वर वर अरुंद होत गेले. म्हणून दर चोवीस मैलांवर त्यांनी एक आडवी रेघ मारली आणि तिथून चौकोन नव्यानं, पूर्ण मापाचे सुरू केले. त्या रेघेवर उत्तरेला जाणारा प्रत्येक रस्ता तुटतो आणि थोडा पश्चिमेला सरकून पुन्हा सुरू होतो. इथे दोनशे पावलं. शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. आणि कोणीच ते सांगत नाही. वाट विचारली की सगळे म्हणतात, सरळ उत्तरेला जा. रात्री उठून अंधारात पाणी प्यायला जाताना माणूस उंबरा मोजत नाही, तसं.

मिकोला ह्रिनचुकचं घर त्याच कोपऱ्यावर. तो कुऱ्हाड घेऊन बाहेर आला.

"राग्ना! घोडी मेली की काय?"

"मिकोला, एक सांग. आपला रस्ता सरळ आहे का रे?"

"हे विचारायला थांबलीस? दोरीसारखा सरळ."

"कुठे उभा आहेस तू?"

"माझ्या दारात."

"दार कशावर आहे?"

मिकोलानं डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. दरवर्षी तो या वळणाच्या खड्ड्यातून परक्यांच्या मोटारी ओढून काढायचा. त्यासाठी हिवाळाभर घोड्यांची एक जोडी तयार ठेवायचा. त्यानं कुऱ्हाड खाली टेकवली.

"आई गं," तो म्हणाला.

विमानतळाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं राग्नाला अडवलं. मग आत एका कारकुनानं बसवलं. मग एका फ्लाइट लेफ्टनंटनं चहा दिला आणि सांगितलं की चौकशी संपलीय, कागद वर गेलेत.

"कागद खाली आणा."

"तसं होत नाही, मिसेस हाउगेन."

"मी शपथेवर खोटं बोलले. रस्ता सरळ नाही."

"ते महत्त्वाचं नाही हो."

"शपथेवर खोटं बोलणं महत्त्वाचं नाही? बरं. मग पोलिसांना बोलवा, मला पकडा. नाही पकडलंत तर मी इथेच बसते. उद्या टपालाचा दिवस आहे. चव्वेचाळीस घरं विचारतील टपालवाली कुठाय. मी सांगेन विमानतळावर आहे, मला कोणी पकडत नाही."

लेफ्टनंट तरुण होता. त्यानं पाच मिनिटं विचार केला आणि वर फोन लावला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात थॉर्नली आले. आले ते चिडूनच. सोलबर्गपर्यंत आगगाडीनं, पुढे खात्याची मोटार.

"बाई, तुमचं म्हणणं चार वाक्यांत सांगा."

"नाही सांगत. तुम्ही मोटार चालवा. मी शेजारी बसते. तुमच्या नकाशाप्रमाणे जा."

"माझा नकाशा म्हणजे तुमच्याच सेक्रेटरीचा."

"तो इथेच जन्मला. म्हणून तर."

त्यांना ते कळलं नाही. नकाशा मांडीवर ठेवून ते निघाले. आभाळात ऊन होतं, पण जमिनीलगत वाऱ्यानं बर्फ धावत होता. रस्ता आणि शेत एकाच रंगाचे. रस्ता म्हणजे फक्त दोन्ही बाजूंचे कुंपणाचे खांब.

"असंच सरळ?"

"तुम्ही लिहून घेतलंय."

"वळण आलं तर सांगाल ना?"

"साहेब, मी मागच्या वेळी सांगितलं नाही, म्हणून तर आज इथे आहोत. जरा हळू मात्र चालवा."

त्यांनी वेग कमी केला. थोडाच. उजवीकडचे खांब संपले. डावीकडचे संपले. थॉर्नलींनी नकाशाकडे बघितलं. रेघ सरळ होती. मोटार सरळ गेली. मग तिचं नाक खाली गेलं आणि सगळं पांढरं झालं.

कोणाला लागलं नाही. थॉर्नलींची टोपी डोळ्यांवर आली होती. त्यांनी ती वर केली. काचेपलीकडे मिकोला उभा होता, जोडीसकट. तो वाटच बघत होता.

"नमस्कार, साहेब! या हिवाळ्यातले तुम्ही सातवे."

"सातवे काय?"

"सरळ जाणारे."

थॉर्नली खाली उतरले. बूट साधे होते. घोट्यापर्यंत बर्फात रुतले. मिकोलानं घरातून नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे जाडे बूट आणून दिले. ते त्यांनी मुकाट्यानं चढवले. मग ते मोटारीमागे गेले आणि आलेल्या रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग डावीकडे, दूर, जिथे तो रस्ता पुन्हा सुरू होत होता.

"तो कुठला रस्ता?"

"हाच," राग्ना म्हणाली.

"हाच म्हणजे?"

"सोलबर्गचा. उत्तरेला जाणारा. सरळ."

थॉर्नली दक्षिणेच्या रस्त्याच्या टोकाशी जाऊन उभे राहिले आणि आडव्या रस्त्यानं पावलं मोजत पश्चिमेला निघाले. नमद्याचे बूट त्यांना मोठे होते. राग्ना आणि मिकोला मागून चालले. थॉर्नली उत्तरेच्या रस्त्याला पोचले.

"दोनशे चार," ते म्हणाले. "विमानं कुठे पडली?"

कुंपणाच्या आत मिकोलानं एक खांब रोवला होता. बर्फातून त्याचं टोक वर दिसत होतं. थॉर्नली तिथे गेले. पूर्वेकडच्या रस्त्यापासून मोजलं. एकशे एक. मागे वळून पश्चिमेकडच्या रस्त्यापर्यंत मोजलं. एकशे तीन. पुन्हा मोजलं. मग खिशातून पेन्सिल काढली, पण लिहिलं नाही.

"मिसेस हाउगेन, तुम्ही दक्षिणेला जा. तिथून उत्तरेला चालत या. रस्ता डाव्या हाताला, शंभर पावलं दूर. पुढचा रस्ता दिसला की आधीच त्याच्या हिशेबानं सरका. पुढे बघू नका. फक्त रस्त्यावर नजर. आणि तुम्ही," ते मिकोलाला म्हणाले, "उत्तरेला जा. तसंच."

"साहेब, या बर्फात?"

"कृपा करून."

दोघं गेले. फार दूर गेले, ठिपके झाले. मग वळले. राग्ना शेतातून चालू लागली. डावीकडचे खांब बघत. पुढे रस्ता तुटलेला दिसला, त्यापलीकडे पश्चिमेला सरकलेला. त्या नव्या रस्त्यापासून शंभर पावलं उजवीकडे राहायचं तर आताच डावीकडे सरकायला हवं. ती सरकली. तिची नजर पुढच्या खांबांवर होती. ती बरोबर जागी आली. अगदी बरोबर.

आणि मिकोलावर आदळली.

त्याची टोपी उडाली. तोही आपल्या डावीकडचे खांब बघत आला होता. तोही सरकला होता. तोही अगदी बरोबर जागी आला होता. दोघं खांबापासून एका हातावर उभे होते.

मिकोला टोपी उचलायलाही वाकला नाही.

"इकडून येणाऱ्याची बरोबर जागा ही," राग्ना म्हणाली. तिला धाप लागली होती. "तिकडून येणाऱ्याची पण हीच."

थॉर्नलींनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. वाऱ्यात त्यांचे कान लाल झाले.

"मी एकाच रस्त्यापासून मोजलं होतं," ते म्हणाले. "इथवर आलो आणि परत फिरलो. पलीकडे गेलोच नाही. शिकवणारे रोज इथून उडतात. त्यांना वळण दिसतं. त्यांच्यातला कोणीच बोलला नाही."

"मी पण नाही बोलले."

"तुम्ही मला रस्ता सरळ आहे म्हणालात."

"आम्हाला तो सरळच आहे, साहेब. घोडी वळतात, आम्ही नाही."

थॉर्नली पहिल्यांदाच हसल्यासारखे झाले. मग म्हणाले, "तो पोरगा जिथे असायला हवा होता तिथेच होता."

"दोघंही," राग्ना म्हणाली.

"दोघंही."

मिकोलाच्या बायकोनं बीटचं गरम सूप दिलं. थॉर्नलींनी दोन वाडगे घेतले आणि टेबलावरच नवा जबाब लिहिला. शेवटी त्यांनी राग्नाला वाचून दाखवला. तिनं एक वाक्य बदलायला लावलं. 'रस्ता सरळ नाही असं आता माझं मत आहे', असं त्यांनी लिहिलं होतं.

"मत काढा. मत कसलं? जाऊन आदळले मी."

त्यांनी मत काढलं. मिकोलानं जोडी लावून मोटार वर ओढली. त्या दिवशी तो कोणाकडूनच काही घेत नाही म्हणाला. मग आठवून म्हणाला, तसा तो कधीच घेत नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला. चिखल झाला. राग्ना पुन्हा गाडी जोडू लागली. एका सकाळी तिनं मान वर केली. उत्तरेला जाणारं पिवळं विमान तिच्या रस्त्यावर नव्हतं. ते दोन मैल पूर्वेला, दुसऱ्या रस्त्यावर होतं. दुपारी परतताना दक्षिणेला जाणारं विमान तिच्या डोक्यावरून गेलं. एकटंच. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही दिवशी. मिकोला फाटकावर बसून हाताच्या बोटांनी मोजत होता.

"एकही उलटं आलं नाही, राग्ना! एकही!"

त्याच आठवड्यात, दुपारी, तिचा फोन वाजला. दोन लांब, एक आखूड. ती तिची खूण. त्या तारेवर बारा घरं होती आणि बाराही घरांत घंटा वाजायची. राग्नानं फोन उचलला.

"मिसेस हाउगेन? थॉर्नली बोलतोय."

खट्. खट्. खट्खट्. तारेवर एकेक घर आलं.

"हा कसला आवाज?"

"कसलाच नाही. बोला."

"हे मी खरं तर फोनवर सांगायला नको. तारेवर अजून कोणी आहे का?"

शांतता. मग कुठेतरी एक कोंबडी ओरडली आणि कोणीतरी तिला दबक्या आवाजात शिव्या घातल्या.

"कोणी नाही," राग्ना म्हणाली.

थॉर्नलींनी आवाज उलट थोडा वाढवला. "निकाल बदललाय. पास्कोची चूक नाही. मॅकनीलची चूक नाही. दोघंही नियमानं, आपापल्या योग्य जागी उडत होते. नियम बदललाय, तो इथेच नाही, अशा रेघा जिथे जिथे आहेत तिथे सगळीकडे. दोन्ही घरांना खात्याची पत्रं आज गेली. तुम्ही मागितलेला मॅकनीलच्या आईचा पत्ता पोचला असेलच. तुम्हाला मी स्वतः सांगायचं ठरवलं होतं."

राग्ना भिंतीला टेकली.

"मिसेस हाउगेन?"

"आहे."

"मला त्या जागी पुन्हा कधी यायचं झालं, तर डावीकडे, मग उजवीकडे. बरोबर?"

"नाही साहेब. सरळ."

त्यांचा फोन ठेवल्याचा आवाज आला. आणि मग तार फुटली. बारा घरं एकदम बोलू लागली. कोणी ओरडत होतं, कोणी रडत होतं, कोणाचा कुत्रा भुंकत होता. पाद्र्याची बायको म्हणत होती की नाव तिनंच लिहिलं होतं यादीत, विसरू नका. मिकोला सगळ्यांच्या वर आवाज काढून सांगत होता की साहेब त्याचे बूट घालून उभा होता, हे त्याचे, मिकोला ह्रिनचुकचे.

"गप्प बसा सगळे," राग्ना म्हणाली. "मला पत्र लिहायचंय."

"इथेच लिही!"

"आम्ही पण सांगतो!"

ती कागद घेऊन आली. फोन खांद्यात धरला. बाकीच्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली. पाद्र्याच्या बायकोला वाटलं की आधी प्रार्थना असावी. मिकोलाला वाटलं की आधी रेघ समजावून सांगावी, पृथ्वी गोल आहे इथपासून. शेजारच्या नील्सनच्या म्हाताऱ्याचं म्हणणं की पोरगा भांडी छान धुवायचा हे आलंच पाहिजे, आईला तेच वाचायचं असतं.

"आणि लिही की तू बरोबर चालत माझ्यावर आदळलीस," मिकोला म्हणाला, "आणि टोपी माझी उडाली."

"मिकोला, फोन ठेव."

कोणीच ठेवला नाही. राग्नानं कोणाचं काही ऐकलं नाही. तिनं आपल्या मोठ्या, टपालवालीच्या अक्षरात लिहिलं. मग म्हणाली, "ऐका."

तार शांत झाली.

"'प्रिय मिसेस पास्को. नाही. चूक डेन्झिलची नव्हती. हेक्टरचीही नव्हती. मी चुकीचं सांगितलं होतं, ते आता दुरुस्त झालंय. तुमचा मुलगा ज्या जागी असायला हवा, त्याच जागी होता. मी स्वतः चालून बघितलंय. हेक्टरच्या आईचा पत्ता खाली देतेय. आता तिला लिहा.'"

मग मिकोलाच्या बायकोचा आवाज आला. ती तारेवर कधी बोलायची नाही, नुसती ऐकायची.

"राग्ना, पुन्हा वाच ना."

राग्नानं पुन्हा वाचलं. या वेळी सावकाश, मोठ्यानं.